खाडीतला रानभात कसा ओळखावा, कसा नोंदवावा

बेळगाव, खानापूर, जोयड्याकडून कारवारला उतरून काळी नदीच्या खाडीत रानभात शोधायचा असेल तर आधी पंचांग उघडा. हा रानभात म्हणजे ओरायझा कोआर्कटाटा, भाताच्याच कुळातलं गवत, पण ते वाढतं दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलात. पश्चिम किनाऱ्यावर ते तुरळकच आहे, आणि भरतीच्या वेळी गेलात तर नुसतं पाणी दिसेल.

कोकणातला जुना हिशेब इथेही चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. द्वितीयेला भरती रात्री दीडच्या सुमारास, म्हणजे सहा तासांनी, सकाळी साडेसातला ओहोटी. तृतीयेला ओहोटी सव्वाआठच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे हे दोन दिवस सगळ्यात सोयीचे, कारण पाणी लांबवर हटतं आणि उजेडही असतो. अष्टमीला जाऊ नका, पाणी फारसं ओसरतच नाही. छापील वेळापत्रकाशी ताळा करून घ्या. खाडीत जितकं आत जाल तितकी ओहोटी उशिरा लागते, हेही धरा.

पावसाळा टाळाच. काळी नदीवरच्या कद्रा धरणाचं पाणी सुटलं की नदी फुगते, शिवाय पावसाने पानावरचं मीठ धुऊन जातं आणि ओळखीची मोठी खूण हातची जाते. नोव्हेंबर ते मे हा काळ चांगला.

गमबूट चिखलात रुतून पायातून निघतात. कापडी बूट नाडीने घट्ट बांधा. अनवाणी मात्र नको, कालवांच्या शिंपल्यांच्या कडा तळवा चिरतात. हातात बांबू ठेवा, प्रत्येक पावलाआधी टोचून बघा. पाणी पुन्हा चढू लागलं की लगेच मागे फिरा.

तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या पुढे, पाण्याकडच्या उघड्या चिखलावर बघा. लोंबी नसली तरी पान पुरतं. पान जाड, चामड्यासारखं, निळसर हिरवं असतं. कडेवरून बोट उलटं, टोकाकडून बुंध्याकडे फिरवलं की बारीक काटे खरखरतात. वरच्या बाजूला लांबट सऱ्या असतात. त्यांत सूक्ष्म केस असतात. झाड जादा मीठ याच केसांतून बाहेर टाकतं, म्हणून उन्हं चढल्यावर पानावर पांढरे कण चमकतात. आता पान जिथे खोडाला चिकटतं तिथली पातळ जिभली बघा: शेतातल्या भाताची लांब, टोकदार आणि दुभंगलेली असते, याची जेमतेम दोन मिलिमीटर. लोंबी मिळालीच तर ती आखूड, दाटीची असते आणि दाणा आपल्या भातापेक्षा बराच लांब भरतो. फसवणूक होते ती बहुधा पास्पॅलम व्हॅजिनॅटम या गवतामुळे. ते जमिनीलगत पसरतं आणि त्याच्या तुऱ्याला इंग्रजी व्हीसारखे दोन फाटे असतात.

नोंदीसाठी चार मीटर नायलॉनची दोरी आणि चार काठ्या घेऊन एक मीटरचा चौकोन आखा. एकाच पट्ट्यात पाच जागी चौकोन टाकून प्रत्येकातले कोंब मोजा. दाट जागा तेवढी निवडू नका, नाहीतर आकडा फुगतो. पट्ट्याबाहेर वीतभर खड्डा करा, त्यात झिरपलेल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटर या हातात धरायच्या उपकरणाने मोजा. समुद्राचं पाणी हजारी ३५च्या आसपास दाखवतं, त्याच्याशी तुलना करा.

उपटून घरी न्यायचा मोह आवरा. हे गवत चिखलाखालच्या खोडांनी पसरतं आणि गाळ धरून ठेवतं. एक गड्डा ओढला की शेजारचे कोंबही सैल होतात, पुढच्या भरतीत गाळ वाहून जातो. दाणे नेऊनही उपयोग नाही. साळीसारखे वाळवून ठेवले की ते मरतात. कायद्यानेही खारफुटी आणि जिवंत चिखलपट्टे २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत सीआरझेड-१ए या पर्यावरणदृष्ट्या सर्वांत संवेदनशील वर्गात येतात.

नमुना हवाच असेल तर परवानगी घेऊन एकच काडी चिखलाच्या वर कात्रीने कापा. कागदात दाबून वाळवण्याआधी गोड्या पाण्यात धुवा, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि कागदाला बुरशी येते. पहिले चार दिवस रद्दीचा कागद रोज बदला. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना नेमकं ठिकाण झाकायचा पर्याय निवडा; अक्षांश-रेखांश आपल्या वहीत राहू द्या.