रोज लागणारे इंग्रजी शब्द कसे वाढवावेत

इंग्रजी सुधारायचं मनावर घेतलं की बरेच जण आधी नवी वही आणतात आणि डिक्शनरीतले 'ए'पासूनचे शब्द उतरवायला बसतात. 'अबँडन', 'अबेट', 'अबॉलिश'... आठवडाभरात वही माळ्यावर. या शब्दांपैकी किती वाण्याकडे, दवाखान्यात किंवा ऑफिसात कामी येतात? ढाक्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली नेहमी लागणाऱ्या शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात जेमतेम दोन हजार मूळ शब्द होते, आणि साध्या लिखाणातला फार मोठा भाग तेवढ्यात भागतो. म्हणजे डोंगर वाटतो तेवढा उंच नाही.

आधी घरचा साठा तपासा

चार्जर, सलाइन, अपॉइंटमेंट, ड्रेनेज, रिचार्ज... मराठी बोलता बोलता आपण शेकडो इंग्रजी शब्द वापरतो. एका संध्याकाळी ते कागदावर काढा. मात्र त्यातल्या काहींनी आपल्याकडे येऊन वेगळाच संसार मांडलाय. आपली 'लाइट' जाते, इंग्रजीत 'पॉवर' जाते. आपल्याला 'शुगर' असते, इंग्रजीत 'डायबेटिस'. आपण 'हॉटेल'मध्ये मिसळ खातो, परदेशातला माणूस हॉटेलमध्ये मुक्कामाला जातो आणि जेवायला 'रेस्टॉरंट' शोधतो. गाडीची 'स्टेपनी' तर भारताबाहेर फारशी कुणाला कळत नाही, तिथे 'स्पेअर टायर' म्हणा. अशा शब्दांवर खूण करून ठेवा.

आठवड्याला एकच ठिकाण धरा

एक आठवडा बँक, पुढचा औषधाचं दुकान, मग स्वयंपाकघर. शब्द तिथल्याच कागदांवरून उचला. औषधाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन' लिहिलेलं असतं. 'रीच' म्हणजे पोहोचणे एवढंच आपल्याला माहीत असतं, इथे तोच शब्द हाताच्या टप्प्याबद्दल बोलतोय. शेजारी 'स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस' असतं. स्टोअर म्हणजे दुकान, पण इथे 'ठेवा'. एका खोक्यातून एवढा माल निघतो. दिवसाला पाच-सहा नवे शब्द पुरेत. वीस-वीस पाठ करणारे उत्साही लोक पहिल्या रविवारीच थकतात.

सुटा शब्द लिहू नका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच गाळली जाते. शब्द नेहमी त्याच्या सोबत्यासकट लिहा. वहीत 'मिस्टेक म्हणजे चूक' असं लिहिलंत तर बोलताना 'डू अ मिस्टेक' असंच बाहेर पडणार, कारण मराठीत चूक 'करतात'. इंग्रजीत 'मेक अ मिस्टेक', पण गृहपाठ मात्र 'डू होमवर्क'. आपल्या एका 'करणे'ची तिथे अशी वाटणी झाली आहे.

'लागणे' तर विचारूच नका. तहान लागली: 'आय ॲम थर्स्टी'. वेळ लागला: 'इट टुक टाइम'. नोकरी लागली: 'आय गॉट अ जॉब'. तीन वाक्यांत तीन लागणे असले तरी इंग्रजी क्रियापद दर वेळी नवं. तेच उतरण्याचं: बसमधून 'गेट ऑफ', कारमधून मात्र 'गेट आउट'. म्हणून वहीत डावीकडे पूर्ण मराठी वाक्य लिहा आणि उजवीकडे इंग्रजी वाक्य.

सगळीकडे अशी अडचण नाही. 'सांगणे' आणि 'म्हणणे' यांतला फरक आपल्या अंगवळणी पडलेला आहे, तोच साधारण 'टेल' आणि 'से'मध्ये आहे. 'त्याला सांग' म्हणजे 'टेल हिम'. इथे मराठी मदतीला येते, तिचा खुशाल आधार घ्या.

खोक्यात टाका, म्हणजे विसरणार नाही

पाठ केलेलं किती भराभर विसरतं, हे जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडलं. पुढे सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७०च्या दशकात त्यावर खोक्याचा उपाय लोकप्रिय केला. बुटाच्या खोक्यात पुठ्ठे घालून चार कप्पे करा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या बनवा, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. एका अंगाला मराठी वाक्य, दुसऱ्या अंगाला इंग्रजी.

नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. हा कप्पा रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं. मराठी वाचून इंग्रजी वाक्य तोंडातून बरोबर आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, अडखळलात तर पुन्हा पहिल्या कप्प्यात. मनातल्या मनात 'येतंय की' म्हणणं चालणार नाही, मोठ्यानं बोला. मोबाइलवर 'आंकी' हे ॲप याच धर्तीचं काम करतं, पण हातानं लिहिलेली चिठ्ठी मला तरी जास्त लक्षात राहते.

उच्चार

चिठ्ठीवर उच्चार देवनागरीत लिहायला लाजू नका. 'रिसीट'मधला 'पी' मुका असतो, 'विमेन'ची सुरुवात 'वि'नं होते, हे देवनागरीत चटकन दिसतं. जोर कुठे द्यायचा ते मात्र ऐकूनच कळेल. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर. ऑनलाइन डिक्शनरीतलं स्पीकरचं चिन्ह दाबा आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

वाचायचं काय?

सकाळी क्रिकेटची बातमी मराठी पेपरात वाचा, मग तीच इंग्रजीत. काय घडलं ते आधीच ठाऊक असल्यानं अनोळखी शब्दाचा अर्थ अंदाजानं लागतो, डिक्शनरी दर ओळीला उघडावी लागत नाही. अग्रलेखाच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. आणि दिसेल तो शब्द टिपत सुटू नका: आठवड्यात दोनदा समोर आला तरच त्याची चिठ्ठी करा, एकदाच दिसलेला जाऊ द्या.