पेपरला डॉलर मोजण्याआधी आणि अख्खं पुस्तक झेरॉक्सला टाकण्याआधी हे करून बघा

मागच्या टर्मला एम.ए.ची एक मुलगी फोन घेऊन आली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, लातूरकडची आहे, आणि म्हणाली मॅडम जर्नलमधला हा एकच संशोधनाचा पेपर हवाय पण साइट चाळीसेक डॉलर मागतेय. चाळीस डॉलर म्हणजे तिच्या मेसचा महिना. तोच पेपर लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर फुकट ठेवलेला होता, शोधायला आम्हाला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेव्हापासून ठरवलं होतं की हे सगळं एकदा नीट लिहून ठेवायचं, कारण दरवर्षी नवीन मुलं येतात आणि दरवर्षी तेच होतं, एकतर पैसे नाहीत म्हणून वाचायचं सोडून देतात नाहीतर घाबरत घाबरत चोरून काहीतरी करतात, आणि कायद्याने जे सरळ हातात दिलंय ते कोणी मागतच नाही.

आधी पेपरचं. पेपरचं पूर्ण शीर्षक अवतरण चिन्हात टाकून गुगल स्कॉलरवर शोधा. उजव्या बाजूला पीडीएफ दिसली तर काम झालं, नाही दिसली तर खाली ‘ऑल व्हर्जन्स’ असतं त्यावर क्लिक करा, बहुतेक जण इथेच थांबतात आणि बऱ्याचदा नेमकी तिथेच लेखकाने ठेवलेली प्रत सापडते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं एक्स्टेंशन टाकून ठेवा, पेपरची कायदेशीर फुकट प्रत कुठे असेल तर ते बाजूला हिरवं कुलूप दाखवतं. तरी नाही मिळाला तर लेखकाला मेल करा. यात लाजण्यासारखं काहीच नाही, त्या चाळीस डॉलरमधला एक पैसाही सहसा लेखकाच्या हातात जात नाही आणि आपलं लिखाण पुण्यात कोणीतरी वाचतंय याचा त्यांना आनंदच होतो. मेल चार ओळींचा ठेवा, मी कोण, कुठे शिकते, कशावर काम करते, तुमचा अमुक पेपर मला मिळत नाहीये, जमलं तर प्रत पाठवाल का. बस. मेलचा पत्ता सारांशाच्या पानावर लेखकाच्या नावाशेजारी असतो.

त्याच्याही आधी एक काम करा, कॉलेजच्या ग्रंथपालांना जाऊन विचारा की आपण वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये आहोत का. १ जानेवारी २०२५ पासून ही योजना सुरू आहे, केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी ठेवलेत, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यात येतात. अडचण एवढीच की ती सरकारी संस्थांसाठी आहे, म्हणजे गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठात असाल तर वाचा खुशाल, पण पुण्यातली निम्मी-अर्धी पोरं खाजगी कॉलेजात शिकतात त्यांचं काय, हा प्रश्न मला खरंच खुपतो. सरकारी पैशाने घेतलेलं वाचन ओळखपत्र बघून का द्यायचं? तोपर्यंत अनुदानित कॉलेजवाल्यांनी एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेचा, युजर आयडी मागून घ्या, बऱ्याच कॉलेजांनी ते घेतलेलं असतं आणि मुलांना पत्ताच नसतो. प्रबंध हवे असतील तर शोधगंगा, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा, सगळ्यांना खुलं आहे, लॉगिनही लागत नाही.

साय-हब, म्हणजे विकतचे पेपर परवानगीशिवाय फुकट देणारी साइट, त्याबद्दल मुलं दबक्या आवाजात विचारतात. त्यावर मोठ्या प्रकाशकांनी २०२० साली दिल्ली हायकोर्टात केस घातली होती आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने ती साइट भारतात ब्लॉक करायला सांगितली. लोक तिथे का जातात ते मला कळतं, पण मी ती वाट सांगणार नाही, आणि वर लिहिलेलं सगळं मनापासून करून बघितलं तर बरीचशी गरज तशीही भागते.

आता झेरॉक्स, इथे जरा थांबूया कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. आमच्या कॉलेजजवळ तळघरात एक दुकान आहे, आत शिरलं की टोनरचा वास आणि गरम कागदाचा ढीग, आणि मशीनवर चिकटपट्टीने लावलेली पाटी, ‘पुस्तकाची झेरॉक्स काढून मिळणार नाही’. दुकानदार काका चांगले आहेत, पण कोणीतरी कधीतरी त्यांना घाबरवलंय. मुलं मग काय करतात, तर प्रकरणाचे फोनवर फोटो काढतात, अर्धे हललेले, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तेच डोळ्यांना ताण देत वाचतात.

तर ऐका. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यातलं कलम ५२ म्हणजे काय काय केलं तर उल्लंघन होत नाही याची लांबलचक यादी. त्यात पहिलंच आहे की स्वतःच्या वापरासाठी, अभ्यास-संशोधनासाठी योग्य प्रमाणात केलेला वापर चालतो. आणि पुढे ‘आय’ उपकलमात म्हटलंय की शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत उल्लंघन नाही. यात कुठेही टक्केवारी नाही हं, ‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं’ हे जे सगळे छातीठोकपणे सांगतात ते आपल्या कायद्यात लिहिलेलंच नाही.

यावर मोठी केस झालेली आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी म्हणून छोटं दुकान, तिथे शिक्षकांनी नेमलेली प्रकरणं एकत्र बांधून मुलांना मिळायची. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी मिळून त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाचे न्यायमूर्ती एंडलॉ यांनी तो फेटाळला, डिसेंबरमध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने केस पुन्हा ऐकायला परत पाठवली खरी, पण मूळ मुद्दा कायम ठेवला, की शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं कॉपी करता येतं, किती पानं हा प्रश्न नसून ती पानं शिकवण्यासाठी लागतात का हा प्रश्न आहे, आणि प्रत विद्यार्थ्याने स्वतः काढली काय किंवा दुकानदाराकडून काढून घेतली काय, त्याने फरक पडत नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

म्हणून करायचं काय, तर विषयाच्या शिक्षकांकडून एका पानावर यादी लिहून घ्या, कोर्सचं नाव, पेपर क्रमांक, पुस्तक, प्रकरण, पान अमुक ते तमुक, खाली सही आणि तारीख. विभागाचा शिक्का मिळाला तर उत्तमच. आम्ही ते पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून काकांना दिलं, त्यांनी ते दोनदा वाचलं, आत जाऊन मुलाला दाखवलं आणि पाटीशेजारीच मशीनला लटकवून टाकलं. आता मुलं यादीतला नंबर सांगतात आणि तेवढीच पानं मिळतात.

पण एक सांगते आणि हे मला अगदी मनापासून वाटतं, दोनशे-अडीचशे रुपयांचं मराठी पुस्तक अप्पा बळवंत चौकात विकत मिळत असताना अख्खं झेरॉक्स मारून स्पायरल करू नका. त्या कोर्टाने अख्ख्या पुस्तकांना सरसकट परवानगी दिलेली नाही, आणि मराठी प्रकाशक म्हणजे काही केंब्रिज नाही, एक आवृत्ती खपायला त्याला वर्षं लागतात. लागतं एकच प्रकरण, तर एकच प्रकरण काढा. अख्खं लागत असेल तर दोघी-तिघींत मिळून एक घ्या, नाहीतर पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात सभासद व्हा, १८४८ पासून चालू आहे ते.

जुनी पुस्तकं हा वेगळाच खजिना आहे. आपल्याकडे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. सोपा हिशोब म्हणजे लेखक गेल्याचं वर्ष अधिक ६१, त्या वर्षीच्या १ जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११. बाबासाहेब १९५६, म्हणजे २०१७. अत्रे १९६९, त्यांना अजून २०३० पर्यंत थांबायचं. एक मेख लक्षात ठेवा, पुस्तक लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलं गेलं असेल तर छापल्याच्या वर्षापासून मोजायचं, बहिणाबाई गेल्या १९५१ ला पण त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं १९५२ ला, म्हणून २०१३. आणि नव्या आवृत्तीला कोणी प्रस्तावना लिहिली असेल, चित्रं काढली असतील, अनुवाद असेल तर तो हक्क त्या-त्या माणसाचा वेगळा, तेवढं वगळून घ्या.

हे साठ आधी पन्नासच होते. टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क संपायला आले तेव्हा १९९२ मध्ये कायदा बदलून सगळ्यांनाच दहा वर्षं वाढवून दिली. जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार पन्नासच मागतो, म्हणजे गरीब देश असून आपण आपणहून दहा वर्षं जास्त दिली, आणि अमेरिका-युरोपात सत्तर आहेत म्हणून तिथवर न्या असं म्हणणारेही आहेत. माझ्या मते हे अजिबात होऊ देऊ नये. १९६७ साली बर्न कराराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, स्टॉकहोमच्या परिषदेत भारतासारख्या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांनी धरून ठेवलं होतं की आम्हाला शिक्षणासाठी पुस्तकं छापायची, भाषांतर करायची मोकळीक हवी. मग १९७१ मध्ये त्या कराराला विकसनशील देशांसाठी परिशिष्ट जोडलं गेलं आणि १९८३ मध्ये आपल्या कायद्यात त्यावरून ३२ए कलम आलं. परदेशी पुस्तक ठरावीक वर्षांनंतरही, विज्ञान-तंत्रज्ञानाचं असेल तर तीन वर्षांनंतर, इथे मिळतच नसेल किंवा परवडेल अशा किमतीला मिळत नसेल तर शिक्षणासाठी स्वस्तात छापायचा परवाना मागता येतो. हे एकट्या विद्यार्थ्याचं काम नाही, संस्थेचं किंवा प्रकाशकाचं आहे, पण हे कलम आहे हेच कित्येक प्राध्यापकांना माहीत नसतं.

शोधायचं कुठे, तर आधी बीएमसीसी रोडच्या गोखले इन्स्टिट्यूटचं डिजिटल संकलन बघा, जुने अहवाल आणि अर्थशास्त्र-इतिहासाची पुस्तकं तिथे घरबसल्या उघडतात. मग इंटरनेट आर्काइव्ह, आयआयटी खरगपूरचं नॅशनल डिजिटल लायब्ररी, मराठी विकिस्रोत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि मराठी विश्वकोश तर सरळ फुकटच आहेत. हक्क अजून बाकी आहेत पण पुस्तक बाजारात कुठेच नाही असं असेल तर ग्रंथपालांकडे जा, भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात, कलम ५२ मध्येच आहे.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आमच्याकडे एक मुलगा आहे, दृष्टिहीन, फोनवर ऐकून अभ्यास करतो, इअरफोन लावून इतक्या वेगाने ऐकतो की आपल्याला एक शब्द कळत नाही. त्याला एका मराठी पुस्तकाची पीडीएफ मिळाली, उघडली, आणि फोन भलतंच काहीतरी बडबडायला लागला, इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस. कारण पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये बसवलेलं, युनिकोड नाही, डोळ्यांना मराठी दिसतं पण आत सगळा कचरा. दुसरी फाइल स्कॅन केलेली होती, त्यात फोन नुसता गप्प.

अशा वेळी परवानगी मागत बसू नका. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये ‘झेडबी’ आलंय, दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणीही, म्हणजे तुम्हीसुद्धा, पुस्तक तिच्या सोयीच्या स्वरूपात बदलून देऊ शकता, फक्त त्यावर नफा कमवायचा नाही. दृष्टिहीनांसाठीचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि तो मंजूर करणारा जगातला पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये.

करायचं असं. आधी सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात, शोधा, कोणीतरी आधीच केलेलं असेल तर दुप्पट मेहनत कशाला. नसेल तर पुस्तक सपाट ठेवून, सावली पडू न देता स्कॅन करा, जुना फॉन्ट असलेल्या पीडीएफलाही स्कॅनसारखंच धरा, म्हणजे पानांची चित्रं करून घ्या. दहा-दहा पानांच्या फाइल करा, गुगल ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. मग माणसाने वाचून तपासायचं, याला पर्याय नाही, जोडाक्षरं आणि रफार चुकतात, आकडे तर हमखास, तळटीप मध्येच वाक्यात घुसते. प्रकरणांच्या नावांना हेडिंग स्टाइल द्या म्हणजे ऐकणाऱ्याला उडी मारून पुढे जाता येतं, आणि मूळ पान क्रमांक ठेवा, नाहीतर परीक्षेत संदर्भ कसा देणार. आम्ही सात जणींनी तीस-तीस पानं वाटून घेतली होती, दोन रविवार गेले. फाइल त्याला आणि तशाच गरजू मुलांना द्या, सगळ्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, त्या कलमाची सवलत त्यांच्यासाठीच आहे.

शेवटचं, स्वतः लिहायला लागाल तेव्हाचं. जर्नल किंवा प्रकाशक हक्क सोडल्याचा फॉर्म पाठवतो आणि आपण पेपर छापून येतोय या आनंदात सही करून टाकतो, मीही पहिल्या वेळी केली आणि नंतर माझाच लेख माझ्या विद्यार्थ्यांना द्यायला मला विचारावं लागलं. कलम १९ वाचा. हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर त्याचे हक्क संपतात. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं छापलेलं दिसलं की पेन खाली ठेवा आणि आधी मेल टाका, ‘लेखाची स्वीकृत प्रत माझ्या संस्थेच्या संकलनात आणि माझ्या पानावर ठेवण्याचा, तसेच वर्गात वाटण्याचा हक्क मी राखून ठेवू इच्छिते, कृपया फॉर्ममध्ये तशी ओळ घालावी.’ मी आता दरवेळी हीच ओळ पाठवते, दोनदा फॉर्म बदलून आला, एकदा नाही म्हणाले तेव्हा लेख दुसरीकडे दिला.