मालिकेच्या एका पर्वावरचा विश्वकोशीय लेख कसा तपासावा आणि कसा सुधारावा

विकिपीडियावर गाजलेल्या मालिकांच्या मुख्य लेखाखेरीज त्यांच्या प्रत्येक पर्वावरही बहुधा वेगळा लेख असतो. असा लेख सहसा एखाद्या चाहत्याने जीव ओतून सुरू केलेला असतो. त्यामुळे त्यात कथानक अगदी बारकाईने येते, पण ते पर्व कोणी लिहिले, चित्रीकरणात काय अडचणी आल्या, समीक्षकांनी त्याची दखल कशी घेतली, या बाबी दोन-चार ओळींत उरकलेल्या असतात. मालिका पाहिलेल्या माणसाला कथा ठाऊकच असते आणि न पाहिलेल्याला ती सबंध नको असते. दोघांनाही हवी असते ती पडद्यामागची खात्रीलायक माहिती. लेख तपासायला घेताना हे ध्यानात ठेवले की पुढच्या कामाचा क्रम आपोआप ठरतो.

पहिल्या वाचनात काहीही दुरुस्त करू नये. लेख सलग वाचावा, मग त्याचा संपादन-इतिहास आणि चर्चा पान उघडावे. पर्वाचे प्रसारण अजून चालू असेल तर लेख रोज बदलत राहणार, आणि अशा लेखाची औपचारिक तपासणी (म्हणजे त्याचा दर्जा ठरवण्यासाठी होणारे परीक्षण) थोडी लांबणीवर टाकणेच बरे. संपादकांमध्ये एखाद्या मजकुरावरून ओढाताण चालू असेल तर आधी तो वाद मिटू द्यावा. लेखात आपण स्वतः मोठी भर घातली असेल तर त्याचे परीक्षक आपण होऊ नये. सुधारणा मात्र खुशाल कराव्यात.

त्यानंतर संदर्भ हाती घ्यावेत. पुष्कळ जण आधी भाषेवर हात फिरवतात, पण तासभर घासूनपुसून नीट केलेले वाक्य शेवटी आधाराअभावी काढून टाकावे लागते, तेव्हा ती सारी मेहनत वाया जाते. म्हणून लेखाच्या वेगवेगळ्या विभागांतून दहा-बारा तळटीपा निवडाव्यात, प्रत्येक दुवा प्रत्यक्ष उघडावा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारावा: वाक्यात जे म्हटले आहे, नेमके तेच या स्रोतात आहे का? जवळपास तसेच असून भागत नाही. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या पर्वाचेच पाहा. अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाला आणि नऊ भागांचे ठरलेले ते पर्व सात भागांतच संपवावे लागले. इथवर ठीक आहे. पण त्याला जोडून ‘संपामुळेच जेसी हे पात्र वाचले’ असेही जागोजागी लिहिलेले आढळते. जेसीला पहिल्याच पर्वात मारण्याचा बेत सुरुवातीला होता हे खरे आहे. मात्र मालिकेचे निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी नंतर स्वतःच स्पष्ट केले की, जेसीची भूमिका करणाऱ्या आरन पॉल यांचे काम पाहून दुसऱ्या भागाच्या सुमारासच त्यांचा विचार बदलला होता. संप आणि जेसीचे वाचणे या दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांत कार्यकारणाचा धागा कोणीतरी ओवला, आणि तो लेखालेखांतून उचलला गेला. परीक्षकाने शोधायचे असतात ते असे धागे. ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘परिणामी’ हे शब्द दिसले की तिथे थांबून स्रोत पुन्हा वाचावा.

स्रोतांची पारखही याच वेळी व्हावी. चित्रपट-मालिकांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळावरील बराच मजकूर वापरकर्ते स्वतः भरतात, चाहत्यांच्या विकींचेही तसेच असते. माग काढायला ते उपयोगी पडतात, पण तळटीपेत चालत नाहीत. संपादकीय देखरेख असलेली वृत्तपत्रे व नियतकालिके, कलावंतांच्या व लेखकांच्या प्रकाशित मुलाखती, डीव्हीडीसोबतचे निर्मात्यांचे भाष्य हे भक्कम आधार होत. एखादा दुवा मेलेला निघाला म्हणून वाक्य लगेच खोडू नये. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाची जुनी प्रत पुष्कळदा सापडते, ती जोडावी.

मग आकडे आणि तारखा. पर्वाच्या लेखात सर्वाधिक चुका इथे होतात आणि वरवर वाचणाऱ्याला त्या दिसतही नाहीत. ‘ब्रेकिंग बॅड’च्या पाचव्या पर्वाचे आठ भाग २०१२ मध्ये आणि आठ २०१३ मध्ये दाखवले गेले, त्यांचे संचही वेगवेगळे विकायला आले, तरी ते एकच पर्व आहे आणि भागसंख्या १६ अशीच लिहायला हवी. ‘फायरफ्लाय’चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. त्या मालिकेचे १४ भाग तयार झाले, फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये त्यांपैकी ११ दाखवले, आणि कथेची सुरुवात करणारा भाग २० डिसेंबरला, म्हणजे त्या प्रसारणाच्या अगदी शेवटी, लावला. अशा लेखात कोष्टकातला क्रम प्रसारणाचा आहे की निर्मितीचा, हे वाचकाला सांगितलेच पाहिजे. प्रेक्षकसंख्येचेही तसेच आहे: अमेरिकेत प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन या कंपनीचे त्याच दिवसाचे आकडे वेगळे आणि कार्यक्रम रेकॉर्ड करून आठवडाभरात पाहणाऱ्यांसह मोजलेले आकडे वेगळे. एका भागापुढे पहिल्या प्रकारचा आणि दुसऱ्यापुढे दुसऱ्या प्रकारचा आकडा असेल, तर नसलेली चढउतार दिसू लागते.

कथानकाला कात्री लावणे हे यानंतरचे काम, आणि ते मन घट्ट करूनच करावे लागते. इंग्रजी विकिपीडियाच्या शैलीपुस्तिकेने प्रत्येक भागाच्या सारांशाला साधारण २०० शब्दांची मर्यादा घातली आहे आणि ती कुठेही पाळण्याजोगी आहे. सारांश वर्तमानकाळात लिहावा. घटना सांगायला तो भागच पुरेसा आधार असतो, पण अर्थ लावायला नसतो. ‘ती पत्र न वाचताच जाळते’ हे पडद्यावर दिसते. ‘अपराधभावनेने पोखरलेली ती भूतकाळाशी नाते तोडण्यासाठी पत्र जाळते’ हे लेखकाचे अनुमान झाले. ते एखाद्या समीक्षकाने मांडले असेल तर त्याच्या नावाने ‘प्रतिसाद’ विभागात जावे, नाहीतर जाऊ द्यावे.

कात्रीने मोकळी झालेली जागा ‘निर्मिती’ला द्यावी. पर्वाला मंजुरी कधी मिळाली, लेखनाची दिशा कशी ठरली, कोणते कलाकार नव्याने आले किंवा गेले, चित्रीकरण कुठे व किती काळ झाले, संगीत कोणाचे, हे सगळे इथे येते. मुलाखतीतली लांबलचक अवतरणे जशीच्या तशी चिकटवू नयेत. आपल्या शब्दांत सांगून जिथे मूळ शब्दच मोलाचे आहेत तेवढेच अवतरणात ठेवावेत. त्याने लेख सुवाच्य होतो आणि प्रताधिकाराचा प्रश्नही उद्भवत नाही.

‘प्रतिसाद’ विभागात बहुतेक वेळा पुढच्यासारखे वाक्य भेटते: ‘समीक्षकांनी या पर्वाला अक्षरशः डोक्यावर घेतले आणि त्याला ९६ टक्के गुण दिले.’ तळटीप उघडली तर समीक्षकांची परीक्षणे एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचे पान निघते. तिथली टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल होती, एवढेच ती सांगते. दहाच्या दहा समीक्षकांनी ‘बरे आहे’ म्हटले तरी ती शंभर होते. शंभरपैकी भारित सरासरी गुण देते ते मेटाक्रिटिक हे दुसरे संकेतस्थळ. म्हणून वाक्य असे व्हावे: ‘रॉटन टोमॅटोजने नोंदवलेल्या परीक्षणांपैकी ९६ टक्के अनुकूल होती.’ त्यामागोमाग अभिनय, पटकथा, गती असे मुद्दे घेऊन कोणी काय वाखाणले आणि कोणी कशावर बोट ठेवले, ते नावानिशी लिहावे. प्रतिकूल मत एकही नसेल तर ते खरोखर नव्हते की शोधलेच गेले नाही, याची खातरजमा करावी.

प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी, कारण ती खालच्या मजकुराचे सार असते आणि खालचा मजकूर आत्ताच बदललेला असतो. खाली नसलेली एकही गोष्ट तिच्यात नसावी. लेखाच्या कडेला असणाऱ्या माहितीचौकटीतील तारखा आणि भागसंख्या कोष्टकाशी पुन्हा एकदा जुळवून घ्याव्यात.

औपचारिक परीक्षण करत असाल तर शेरे चर्चा पानावर क्रमांक घालून लिहावेत. ‘संदर्भ कमकुवत आहेत’ या शेऱ्याने समोरच्याला काहीच कळत नाही. ‘निर्मिती विभागातील दुसऱ्या परिच्छेदात चित्रीकरण मार्चमध्ये सुरू झाल्याचे म्हटले आहे, पण १४व्या तळटीपेतील बातमीत एप्रिल आहे’ असे लिहिले की त्याला लगेच कामाला लागता येते. कोणती दुरुस्ती अनिवार्य आणि कोणती केवळ सूचना, हेही वेगळे सांगावे. किरकोळ शुद्धलेखन परीक्षकाने स्वतःच सुधारून टाकावे. उरलेल्या दुरुस्त्यांसाठी साधारण सात दिवसांची मुदत देण्याची पद्धत आहे. समोरचा संपादक काम करत असल्याचे दिसत असेल तर ती वाढवावी, आणि दुरुस्त झालेल्या प्रत्येक शेऱ्यापुढे तसे नोंदवत जावे.