शिक्षण-पगाराच्या आकड्यातून घराचा वाटा वेगळा कसा काढायचा

विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण-प्रकल्प तपासणं हे माझं काम. दरवर्षी कुणीतरी एक तक्ता घेऊन येतं: पदवीधरांचा पगार जास्त, शाळेनंतर थांबलेल्यांचा कमी, म्हणजे शिक्षणाने पगार वाढतो. मी विचारते, यांचे आईवडील काय करत होते? तो रकाना बहुधा नसतोच.

म्हणून आधी प्रश्नावली नीट करा. ‘घरची परिस्थिती कशी होती?’ असं विचारू नका, जो तो स्वतःला मध्यमच समजतो. ‘तुम्ही चौदा वर्षांचे असताना आई काय काम करायची, वडील काय करायचे, दोघं किती शिकलेले होते?’ असं विचारा. पुढे शिकायचं की कमवायला लागायचं, हे साधारण त्याच सुमारास ठरू लागतं.

आईवडिलांची कमाई मिळत असेल तर एकाच वर्षाची घेऊ नका. एखादं वर्ष आजारपणाचं असतं, एखादं चांगल्या कामाचं. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ गॅरी सोलॉन यांनी १९९२ मध्ये अनेक वर्षांची सरासरी घेतली, तेव्हा बाप-मुलाच्या कमाईतलं नातं (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.२ च्या जागी ०.४ किंवा त्याहून जास्त निघालं. एका वर्षाच्या आकड्यामुळे निम्मं नातं झाकलं गेलं होतं!

मग गणित. अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांची रीत अजून उपयोगी पडते: पगाराचा लॉगॅरिदम एका बाजूला, शिक्षणाची वर्षं, अनुभव आणि अनुभवाचा वर्ग (अनुभव गुणिले अनुभव) दुसऱ्या बाजूला. हे समीकरण दोनदा चालवा, आईवडिलांच्या रकान्यांशिवाय आणि मग त्यांच्यासह. मागे एका विद्यार्थिनीचा शिक्षणाचा गुणक, म्हणजे शिक्षणाच्या एका वर्षामागे पगार किती वाढतो तो आकडा, दुसऱ्या वेळी इतका घसरला की ती फाइल पुन्हा पुन्हा तपासत बसली. फाइल बरोबरच होती.

पण उरलेला गुणकही निव्वळ शिक्षणाचा समजू नका. घरातलं बोलणं, ओळखीपाळखी, धीर हे रकान्यात मावत नाही. ॲशेनफेल्टर आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी यासाठी एकाच घरातल्या जुळ्यांची तुलना केली (१९९४), आणि प्रत्येकाला भावंडाचं शिक्षणही विचारलं, म्हणजे सांगण्यातली चूक पकडता येते. ही युक्ती साध्या भावंडांवरही वापरा.

मला सगळ्यात पटणारी वाट मात्र इंडोनेशियाची. तिथे १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात सरकारने ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. शाळा कुठे किती निघाल्या, हे कुठल्या एका घराने ठरवलं नव्हतं. अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो यांनी जास्त आणि कमी शाळा मिळालेले जिल्हे घेतले आणि त्यांतली त्या वेळी लहान असलेली मुलं व शाळेचं वय उलटलेली मुलं ताडून पाहिली. शिक्षणाच्या एका वर्षामागे मजुरी ६.८ ते १०.६ टक्के वाढलेली दिसली. तुमच्या आकडेवारीत असा बाहेरून आलेला बदल शोधा: नवी शाळा, बदललेला नियम, माफ झालेली फी.

शेवटी नोकऱ्यांचा बाजार. पहिली नोकरी कोणत्या वर्षी लागली आणि ती कळली कुणाकडून, हे दोन प्रश्न घालाच. मंदीत पदवी घेतलेल्यांचा पगार पुढची कित्येक वर्षं मागे राहतो; त्यात त्यांच्या शिक्षणाचा दोष नाही. आणि ज्यांना काम मिळालं नाही, किंवा ज्या घरच्या कामात अडकल्या, त्यांची ओळ पगार शून्य म्हणून गाळू नका. त्यांच्यासाठी वेगळा रकाना करा, आणि त्यांच्या आईवडिलांचे रकानेही तितक्याच काळजीने भरा.