परराष्ट्र व्यवहार: संसद आणि सरकार यांवर उत्तर लिहिताना या चुका टाळा

परराष्ट्र व्यवहारात कोणाचा अधिकार किती, असं विचारलं की बडोद्यातली स्पर्धा परीक्षेची मुलं अमेरिकेचं उत्तर भारताच्या नावावर खपवतात. करारासाठी दोन तृतीयांश मतं लागतात ती अमेरिकी सिनेटमध्ये. आपल्याकडे करार करणं, सही करणं, अनुसमर्थन (करार पाळण्याची अंतिम संमती) देणं हे केंद्र सरकारचं काम. त्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी, असं राज्यघटना म्हणत नाही. कलम 73 (केंद्राचा कार्यकारी अधिकार) आणि संघसूचीतली, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीतली, नोंद 14 (परदेशांशी करार) एकत्र वाचा. 22 जुलै 2008 ला लोकसभेत 275 विरुद्ध 256 मतदान झालं ते सरकारवरच्या विश्वासाचं. त्याला अमेरिकेबरोबरच्या ‘अणुकराराला मंजुरी’ म्हणू नका.

सही झाली म्हणजे कायदा झाला, ही दुसरी चूक. देशातला कायदा बदलायचा असेल तर संसदेकडे जावंच लागतं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर 1994 मध्ये सही झाली, त्यानुसार पेटंट कायदा बदलायला वर्षअखेर अध्यादेश निघाला, पण तो 1995 मध्ये संपला आणि विधेयक राज्यसभेत अडकलं. अमेरिकेनं त्या संघटनेकडे तक्रार केली, 1997 मध्ये भारत हरला, आणि दुरुस्ती झाली 1999 मध्ये. सहीनं देश बांधला गेला होता, कायदा मात्र जुनाच. या उदाहरणाला जोडून कलम 253 लिहा: करार अमलात आणायला संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते, राज्यांची संमती लागत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ जमिनीवरून. बंगालमधल्या बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात (1960) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भारताचा प्रदेश परक्या देशाला द्यायचा तर कलम 368 खाली घटनादुरुस्ती हवी, राज्यांच्या सीमा बदलण्याचं कलम 3 पुरत नाही. म्हणून नववी दुरुस्ती, आणि बांगलादेश सीमेसाठी 2015 मध्ये शंभरावी. इथवर सगळ्यांना येतं. गुजरातेत राहून कच्छ मात्र विसरतात! कच्छच्या रणातल्या भारत-पाकिस्तान सीमेचा लवादी निवाडा 19 फेब्रुवारी 1968 चा. घटनादुरुस्तीशिवाय तो लागू करू नये म्हणून मगनभाई पटेल न्यायालयात गेले, पण 1969 मध्ये न्यायालयानं मागणी फेटाळली. सीमा नक्की नव्हती, निवाड्यानं ती आखली; ज्याच्यावर हक्क ठरलेलाच नव्हता तो प्रदेश ‘दिला’ कसा म्हणायचा? उत्तरात आधी हे ठरवा: प्रदेश देणं आहे की सीमा आखणं.

आंतरराष्ट्रीय शांततेबद्दलचं कलम 51 अधिकारवाटपात घालू नका. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, अधिकार कोणालाच देत नाही.