इंग्लंडात नर्सिंग किंवा फिजिओथेरपी करायचंय, पण बारावी सायन्स नाही? फाउंडेशन वर्षाची तयारी अशी करा

मी बी.कॉम. होऊन लग्नानंतर इंग्लंडात आले. काही वर्षं केअर होममध्ये काम केलं, मग नर्सिंगचं मनात घेतलं, तेव्हा आडवी आली ती कॉमर्सची बारावी. जीवशास्त्राशी शेवटची गाठ दहावीत पडलेली. अशांसाठी इथल्या बऱ्याच विद्यापीठांत पदवीच्या आधी एक फाउंडेशन वर्ष असतं. 'इयर झीरो' असंही म्हणतात. तीन वर्षांची पदवी चारची होते, पण विज्ञान न घेतलेल्याला किंवा शिक्षण सुटून पंधरा वर्षं झालेल्याला आत शिरता येतं. बारावीला पीसीबी घेऊन चांगले गुण असतील, तर मात्र आधी थेट पहिल्या वर्षाची चौकशी करा. एक वर्ष आणि त्याची फी उगाच कशाला?

आधी शेवट बघा, मग सुरुवात

माहितीपत्रक हातात आलं की आपण विषय वाचतो. तसं करू नका. आधी विचारा, की या रस्त्याच्या टोकाला नोंदणी आहे का? नर्स व्हायचं तर पदवी एनएमसीनं (इथली नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) मंजूर केलेली हवी. फिजिओथेरपी, रेडिओग्राफी, पॅरामेडिक, ऑक्युपेशनल थेरपीसाठी एचसीपीसीनं (या व्यवसायांची नोंदणी करणारी संस्था). नुसत्या फाउंडेशन वर्षावर कुठलीही नोंदणी होत नाही.

मी एकदा फसता फसता वाचले. मुखपृष्ठावर स्टेथोस्कोप, आत हसऱ्या नर्सचे फोटो, आणि पदवी कशातली? हेल्थ अँड सोशल केअर. अभ्यासक्रम वाईट नव्हता, पण तो करून नर्स होता येत नाही. म्हणून प्रवेश विभागाला ईमेल करून दोन गोष्टी लेखी घ्या: फाउंडेशन पास झाल्यावर नेमक्या कोणत्या पदवीत जाता येईल, आणि ती जागा पक्की आहे का. काही ठिकाणी पास होणं पुरतं. काही ठिकाणी, विशेषतः फिजिओथेरपीसाठी, ठरावीक टक्के लागतात आणि पुन्हा मुलाखतही होते.

डॉक्टरकीचा मार्ग वेगळा आहे. किंग्ज कॉलेज लंडन आणि साउथॅम्प्टन इथे सहा वर्षांचे वैद्यकीय अभ्यासक्रम आहेत, पण ते इथेच राहणाऱ्या, परिस्थितीमुळे मागे पडलेल्या मुलांसाठी. महाराष्ट्रातून थेट अर्ज करणाऱ्यांनी त्यांच्या भरवशावर राहू नये.

जवळच्या कॉलेजात 'ॲक्सेस टू हायर एज्युकेशन' डिप्लोमाही असतो, साधारण वर्षभराचा, ६० क्रेडिट्सचा. फाउंडेशन वर्ष बहुधा एकाच विद्यापीठाशी बांधून टाकतं. ॲक्सेस करून अनेक ठिकाणी अर्ज करता येतो. त्याच्या फीसाठी ॲडव्हान्स्ड लर्नर लोन घेतलं असेल, तर पुढे पदवी पूर्ण केल्यावर उरलेलं कर्ज माफ होतं. घर, मुलं आणि नोकरी एकाच गावात असलेल्यांना मी आधी हाच पर्याय बघायला सांगते.

पैशाचं गणित

फाउंडेशन वर्ष पदवीला जोडलेलं असेल, म्हणजे चार वर्षांचा एकच अभ्यासक्रम असेल, तरच विद्यार्थी कर्ज मिळतं. सुटं असेल तर नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या फाउंडेशनची फी जास्तीत जास्त ५,७६० पौंड. प्रयोगशाळा वगैरे लागणाऱ्यांची २०२५-२६ मध्ये ९,५३५ पर्यंत होती. तुमचा अभ्यासक्रम कशात मोडतो ते विचारा, फरक लहान नाही. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एनएचएसकडून (इथली सरकारी आरोग्यसेवा) वर्षाला ५,००० पौंडांचं अनुदान मिळतं, पण फाउंडेशनच्या वर्षात नाही. घरखर्च मांडताना हे बरेचजण विसरतात.

आणि व्हिसा. हे दर इथल्या 'होम' विद्यार्थ्यांचे आहेत. त्यासाठी साधारणपणे अभ्यासक्रम सुरू होताना आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) हातात आणि आधीची तीन वर्षं वास्तव्य इथलं असावं लागतं. मी आयएलआर येईपर्यंत थांबले. परदेशी विद्यार्थ्यांची फी कितीतरी जास्त असते.

कागदपत्रं

इंग्रजी आणि गणितात जीसीएसई (इथली सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा) ग्रेड ४ किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी सहसा मागतात. आपली दहावी चालते का ते विचारा; यूके एनिककडून (परदेशी प्रमाणपत्रं इथल्या कशाच्या तोडीची ते सांगणारी संस्था) समकक्षतेचं पत्र लागू शकतं. काही विद्यापीठं त्याऐवजी फंक्शनल स्किल्स लेव्हल २ ही व्यवहारी इंग्रजी-गणिताची परीक्षाही धरतात.

दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, ही बायकांची नेहमीची अडचण. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत काढून ठेवा. गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीसाठी भारतातला पोलीस दाखला मागू शकतात. लसींचं लहानपणचं कार्ड कुणाकडेच सापडत नाही. मग गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांसाठी रक्त तपासतात. घाबरायचं कारण नाही, पण वेळ लागतो.

अर्ज आणि मुलाखत

अर्ज यूकासवरून, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या इथल्या सामायिक वेबसाइटवरून. २०२६च्या प्रवेशापासून स्वतःविषयीच्या सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत: हा विषय का, शिक्षणानं काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. एकूण ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५० चं.

'मला लहानपणापासून सेवेची आवड' या वाक्यावर फुली मारा. त्याऐवजी एक प्रसंग लिहा. मी लिहिला तो असा: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले एक आजोबा चहाला हातच लावायचे नाहीत. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढरा कप त्यांना दिसतच नव्हता. लाल कप ठेवला, चहा संपला. मुलाखतीत याच कपावर सर्वाधिक प्रश्न आले. एनएचएसची मूल्यं पाठ करून जाण्यापेक्षा, आदर आणि करुणा आपण कुठे दाखवली ते आठवून जा.

सप्टेंबरमध्ये वर्ष सुरू होण्याआधी अभ्यास काय?

पेशी, रक्ताभिसरण, श्वसन, शरीर आपलं तापमान आणि साखर समतोलात कसं राखतं, एवढं शाळेच्या पातळीवर वाचलं तरी पुष्कळ. गणित मात्र रोज करा. डॉक्टरांनी १२५ मिलिग्रॅम सांगितलं आहे, बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम', तर द्यायचं २.५ मिलिलिटर. एक लिटर सलाईन आठ तासांत, म्हणजे ताशी १२५ मिलिलिटर. आपली पाढ्यांची सवय इथे कामाला येते. दशांश चिन्ह मात्र प्रत्येकाला एकदा तरी चकवतं, आणि औषधात ती चूक दहापटीची असते.

लिहिण्याची सवय बदलायला जास्त वेळ लागला. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवणं म्हणजे आपल्याकडे चांगला अभ्यास. इथे स्रोत न देता तेच केलं तर वाङ्मयचौर्य. शिवाय 'रिफ्लेक्टिव्ह' लेखन असतं: काय घडलं, मला काय वाटलं, पुढच्या वेळी काय वेगळं करेन. आत्तापासून रोज कामावरून आल्यावर पाच ओळी लिहा, रुग्णाचं नाव न घालता.

आणि इथलं बोलणं ऐका. आजी म्हणाल्या 'आय हॅड अ फनी टर्न', तर हसायचं नसतं. त्यांना चक्कर आली होती किंवा बरं वाटेनासं झालं होतं. 'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जायचंय. आयेल्ट्सच्या इंग्रजी परीक्षेसाठी शिकताना हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटची गोष्ट: घरच्यांशी बोलून ठेवा. फाउंडेशनच्या वर्षात कॉलेजसारखं वेळापत्रक असतं म्हणून सगळे निर्धास्त होतात. नर्सिंगच्या पदवीत मात्र ४,६०० तासांपैकी निम्मे प्रत्यक्ष कामाचे, त्यात रात्रपाळ्याही. आमचं पाळणाघर आठला उघडायचं आणि वॉर्डवर सातला हजर व्हायचं. तो एक तास कुणी सांभाळायचा, हे आम्ही इयर झीरोमध्येच ठरवलं.