हवा बिघडल्यावर आक्षीला पक्षी बघायचे तर

डिसेंबर-जानेवारीत अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की कोकणात आभाळ भरून येतं, अवकाळी सरी पडतात, वारा सुटतो. अलिबागजवळच्या आक्षीची ठरलेली शनिवार-रविवारची फेरी बरेच जण तिथेच रद्द करतात. विजा नसतील तर रद्द करू नये. लख्ख उन्हात सकाळ सरली की वाळू तापते, स्कोपमधली (ट्रायपॉडवरच्या एकनळी दुर्बिणीतली) हवा थरथरू लागते आणि लांबचा चिखल्या (प्लोव्हर, किनाऱ्यावरचा छोटा पक्षी) नुसता ठिपका उरतो. ढगाळ दिवशी भर दुपारीही त्याच्या चोचीचं टोक स्पष्ट दिसतं.

हवेआधी भरती बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते: द्वादशीला 12 ची पाऊणपट 9, त्रयोदशीला पावणेदहा. शनिवारी द्वादशी येते तो आठवडा उत्तम. पहाटे दूरवर पसरलेले पक्षी पाणी चढेल तसे किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसलेलं असावं. नक्की वेळ मुंबईच्या भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या. समुद्राकडून जोराचा वारा असेल तर पाणी तक्त्यापेक्षा वर चढतं, ओहोटीलाही पुरतं उतरत नाही. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर जाऊ नका. मागच्या बाजूने पाणी कधी भरलं ते कळत नाही.

बसायची जागा हा खरा कळीचा मुद्दा. वाऱ्यात सगळा थवा वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, नाहीतर पिसं उलटी फुलतात. पश्चिमेचा वारा असताना सुरूच्या बनातून सरळ समुद्राकडे बघितलं तर फक्त पाठी आणि शेपट्या दिसतात, शिवाय सर थेट भिंगावर येते. थव्याच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकून किनाऱ्याच्या लांबीत बघा: पक्षी बाजूने दिसतो, भिंग कोरडं राहतं. जाताना तिरकं, थांबत थांबत जा. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या की तिथेच खाली बसा. अशा हवेत त्यांना दोनदा उडवणं म्हणजे त्यांची दिवसभराची कमाई घालवणं.

दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. वाऱ्यात 10x हातात नाचते. स्कोप 20 ते 30 पटीवरच ठेवा, त्यापुढे कंपच मोठे होतात. ट्रायपॉडचे पाय फाकवून तो बुटका करा, मधला दांडा वर काढू नका. खाली पिशवी अडकवायची तर ती वाळूला टेकलेली हवी, लोंबती पिशवी झोके घेऊन सगळंच हलवते. पायाचा सगळ्यात खालचा भाग आधी बाहेर काढा, म्हणजे सांधे वाळू-पाण्याच्या वर राहतात. छत्री कुचकामी, पोंचो फडफडून थवा उठवतो. अंगाबरोबरचं रेनकोट-जॅकेट घ्या. नोंदींसाठी पेन्सिल, कारण ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही.

भिंगावर खारे तुषार वाळले की मिठाचे कण राहतात. शर्टाच्या टोकाने पुसलं की चरे पडलेच! आधी फुंकणीने उडवा, दुर्बीण वॉटरप्रूफ असेल तर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, मग कापड लावा. एसी खोलीतून काढलेल्या दुर्बिणीवर बाहेर वाफ धरते. निघण्याआधी अर्धा तास ती सॅकमध्येच बाहेर ठेवा.

भिजलेली पिसं गडद दिसतात आणि चिखलाने पायांचा रंग झाकतो, म्हणून अशा दिवशी रंगावर भिस्त नको. चाल बघा. लाटेमागे धावून पुढच्या लाटेपुढे पळत येणारे फिकट पक्षी सँडरलिंग. चार पावलं धावून थबकणारे आणि टिपणारे चिखल्ये. शिवणयंत्रासारखी चोच भराभर वर-खाली मारत जाणारे डनलिन. कुरवांमध्ये (सीगल) काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा वेगळे करायला डोक्याचा रंग हिवाळ्यात कामाचा नाही, दोन्ही जातींना कानामागे नुसता डाग असतो. पंख उघडू द्या: प्रौढ पक्ष्याच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा, पंखाची पुढची कड पांढरी असेल तर काळ्या डोक्याचा. पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, वर-खाली क्रम, डावा की उजवा पाय आणि अक्षरं लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला की होड्या खाडीत परततात. मग किनारा सोडून साखर-आक्षीच्या बंदराकडे वळा. टाकलेल्या मासळीवर कुरव आणि घारी अगदी जवळून मिळतात. मांडव्याच्या लाँच मात्र अशा वेळी बंद राहू शकतात, तेव्हा परतीसाठी वडखळ-पेणचा रस्ता धरून चाला. पहिल्या गडगडाटाला ट्रायपॉड मिटून गाडीत किंवा पक्क्या घरात जा. सुरूखाली थांबायचं नाही.

वादळानंतर भरतीरेषेवर दमलेला समुद्रपक्षी सापडला तर त्याला परत पाण्यात ढकलू नका. त्याच्या अंगावर टॉवेल टाकून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका, खोकं अंधारात, कुत्र्यांपासून लांब ठेवा आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. हाताळताना चोचीपासून डोळे सांभाळा.